तिच्या अर्जातला माझा शब्द

वाशीमच्या कचेरीसमोर कडुलिंबाखाली अर्जनवीसांची चार टेबले होती. त्यातल्या शेवटच्या टेबलावर मी दोन हिवाळे काढले. टेबल माझे नव्हते, मुन्शीजींचे होते. मुन्शीजी साठी उलटलेले, दाढीला मेंदी लावणारे, मराठी, उर्दू आणि इंग्रजी तिन्हीत सारख्याच वळणदार अक्षराने अर्ज लिहून देणारे गृहस्थ. मी त्यांचा लेखनिक.

माझे काम सकाळचे. माणसे यायच्या आधी मी वीस कोरे कागद घ्यायचे आणि प्रत्येकावर वरच्या अडीच ओळी इंग्रजीत लिहून ठेवायच्या. खालची जागा मोकळी. ज्याचे जे दुखणे असेल ते मुन्शीजी मागाहून त्या मोकळ्या जागेत भरत. कोणाचा बैल कोंडवाड्यात, कोणाची विहीर वादात, कोणाला बदली हवी. वरच्या अडीच ओळी मात्र साऱ्यांच्या एकच: महाराज, मी अत्यंत नम्रपणे आणि आदरपूर्वक ‘बेग’ करतो की. त्या ‘की’च्या पुढे माणसाचे आयुष्य सुरू होई.

म्हणजे रोज सकाळी वीस वेळा मी तो शब्द लिहीत होतो, आणि वीस वेळा माझ्या हाताला तो टोचत होता.

त्याचे कारण घरापासून आहे. आमचे गाव रिसोडच्या पलीकडे दोन कोस. आमच्या घराच्या भिंतींची माती सुटायची, म्हणून आई खळ करून त्यांवर कागद चिकटवायची. ते कागद मामा आणत. मामा गावोगाव पत्रके वाटत फिरत आणि उरलेला गठ्ठा बहिणीच्या घरी टाकून जात. दारूबंदीची, स्वदेशीची, शिवाशिव मोडण्याची, शेतमजुरांच्या सभांची अशी सर्व तऱ्हेची पत्रके आमच्या भिंतीवर होती. आईला अक्षर येत नव्हते, त्यामुळे काही उलटी लागली होती. स्वावलंबनावरचे एक वाक्य मी आधी उलटे वाचायला शिकलो आणि पुष्कळ दिवसांनी शाळेत ते सुलटे भेटले तेव्हा ओळखलेच नाही. पण शब्द रक्तात गेले होते. त्या पत्रकांत एक शब्द फार वेळा येई: भीक. भीक मागू नका. हक्काची मागणी करा. मी अंथरुणावर पडल्या पडल्या ते वाचत असे, आणि मोठेपणी आपण काय करणार नाही हे मला आठव्या वर्षीच ठाऊक होते.

पुढे वाशीमला इंग्रजी शिकायला आलो. मॅट्रिकच्या वर्षी शाळा तपासायला एक मोठा साहेब आला. त्याच्यापुढे उभे राहून स्वागताचे पद म्हणायचे होते. मी रांगेत उभा राहिलो, पण तोंड उघडले नाही. त्या गोष्टीचा पुढे बराच बोभाटा झाला आणि शाळा सुटली. वडिलांनी निरोप धाडला की आता घरी यायची तसदी घेऊ नये. मी घेतली नाही. एका तेल्याच्या घरामागच्या, घामट वासाच्या खोलीत राहू लागलो. खानावळीत वाढणारा माणूस मला नाव विचारत नसे, आणि टेबलाशी येणाऱ्यांचा माझ्याशी एकच प्रश्न असे, “मुन्शीजी कुटं गेले?” दिवसभर मी दुसऱ्यांची पत्रे लिहायचो. दोन वर्षांत मला स्वतःला एकही पत्र आले नाही.

अशा माणसाला तत्त्वाची फार सोबत होते. मला झाली.

“मुन्शीजी, हा शब्द बदलू या,” एके दिवशी मी म्हणालो.

“कोनता?”

“बेग. त्याचा अर्थ भीक मागणे असा आहे.”

“कोन म्हनते?”

“डिक्शनरी म्हणते.”

“डिक्शनरीनं कचेरीत कदी अर्ज देला काय?” त्यांनी चष्म्यावरून पाहिले. “अरे मियाँ, हा सलाम हाय, सलाम. मी तुले सलाम केला म्हंजे काय तुया पायावर लोळन घेतली? हे साहेब लोक आपसातबी हेच लिवतात.”

त्यांनी फडक्यात बांधलेल्या जुन्या कागदांतून एक पत्र काढले. एका साहेबाने दुसऱ्या साहेबाला लिहिलेले, कोणा पक्षकाराकडून त्यांच्याकडे राहिलेले. दुसऱ्याच ओळीत तो शब्द होता. ‘आपल्याला कळवण्यास बेग करतो.’

“आता सांग, हा गोरा त्या गोऱ्याले भीक मांगून राह्यला काय? कायची? चहाची?”

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. मला हसू आले नाही.

“त्यांना शोभतं ते,” मी म्हणालो. “त्यांच्यात कोणी खाली नाही, म्हणून त्यांच्या तोंडी तो शब्द पोकळ राहतो. आपल्या तोंडी आला की खरा होतो.”

“तुया तोंडी कुटं येते बेटा? लोकाइच्या तोंडी येते. तू फकत लिवते.”

ते वाक्य मी तेव्हा वादातला एक फटका म्हणून घेतले आणि विसरलो.

त्या कार्तिकात मुन्शीजींचा डोळा अगदीच गेला. मोतीबिंदू काढायला त्यांचा जावई त्यांना अकोल्याला घेऊन गेला. टेबल माझ्या स्वाधीन झाले. पहिल्याच सकाळी मी वीस कागद काढले आणि वीसही कोरे ठेवले. दौत उघडून नुसता बसलो. थंडी होती, समोरून कापसाच्या गाड्या सरकी काढायच्या कारखान्याकडे, जिनकडे, चालल्या होत्या, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा सकाळी माझा हात स्वच्छ होता असे मला वाटले.

तिसऱ्या दिवशी ती बाई आली.

चाळिशीच्या आतली असेल. कपाळ मोकळे, हात मोकळे. टेबलापासून चार पावले लांब उभी राहिली.

“मुन्शीजी नाई काय, भाऊ?”

“नाहीत. मी आहे.”

“तुमाले इंग्रजी येते? सायबाले चालंल असं?”

“येते.”

मग ती खाली बसली आणि सांगू लागली. तिचा नवरा गावाबाहेरच्या एका जिनमध्ये यंत्रांना तेल घालायचे काम करीत होता. पावसाळ्यात तापाने गेला. जिनच्या आवारात त्यांना टिनाची एक खोली होती. आता हंगाम सुरू झाला, नवा तेलवाला आला, त्याला ती खोली हवी. पण सरकी काढणाऱ्या बायांना पाणी पाजणारी जी म्हातारी होती ती यंदा आली नव्हती. ते काम या बाईला मिळाले तर खोलीही राहणार होती. नाही तर शिरपूरच्या अलीकडे भावाचे घर.

“भाऊ वाईट नाई,” ती म्हणाली. “पन भावाच्या घरी भावजय रायते.”

जिनच्या साहेबाने तोंडी काही ऐकायचे नाही असा नियम केला होता. जे असेल ते इंग्रजीत लिहून ऑफिसात द्यावे. म्हणून ती आली होती.

मी कागद पुढे ओढला. पहिलाच अर्ज, जो पूर्णपणे माझा होता. ‘रिक्वेस्ट’ हा शब्द मला माहीत होता, पण तो मला मऊ वाटला. ‘आस्क’ तर शाळेत पोराने पाणी प्यायला जायचे असले म्हणजे वापरायचा. मला पत्रकातला शब्द हवा होता. मागणी. डिक्शनरीत त्याच्यासमोर ‘डिमांड’ होते. मी लिहिले: मी, अमक्याची विधवा, पाणी पाजण्याच्या कामाची आणि माझ्या राहत्या खोलीची ‘डिमांड’ करते. पुढे चार ओळी. तिच्या नवऱ्याने अकरा हंगाम या कारखान्यासाठी देह झिजवला, हे ऐटीत लिहिले.

मग तिला मराठीत वाचून दाखवले. ती कागदाकडे पाहत होती.

“मुन्शीजी वरतं सलाम लिवते म्हने.”

“तो मी काढला.”

“म्हनूनच वरतं मोकळं मोकळं दिसते.” ती थोडी थांबली. “भाऊ, जरा गोड लिवलं असतं तं?”

“गोड कशाला? बाई, तुमचा माणूस अकरा वर्षं तिथं राबला. तुम्ही दयेनं काही घेत नाही आहात. माणसानं ताठ उभं राहून मागावं.”

मी बराच बोललो. भिंतीवरची सगळी पत्रके बोललो. इतक्या दिवसांत कोणी माझ्यासमोर बसून माझे ऐकले नव्हते, आणि ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “तुमी शिकेल मानूस. तुमी म्हनता तं बरोबर असंल.” आणि अंगठा पुढे केला.

शाई पुसायला मी तिला माझा स्वतःचा रुमाल दिला. तो रुमाल मी त्या रात्री धुतला नाही, इतका मला अभिमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली. या वेळी बसली नाही.

“खोली खाली कराची हाय. शनिवारपावतर.”

“काय झालं?”

तिने जसे घडले तसे सांगितले. ऑफिसातल्या बडे बाबूंनी कागद वाचला आणि मोठ्याने हसले. “वा! रानीसाहेबाइची मागनी आली!” त्यांनी साऱ्या कारकुनांना वाचून दाखवला आणि मग आत नेला. आत साहेब खुर्चीवरून उठून उभा राहिला. मला नंतर कळले त्याचे कारण. महिनाभर आधी यंत्रांवरच्या बायांनी एक दिवस काम बंद ठेवले होते, आणि फाटकावर कोणी एक कागद चिकटवून गेले होते. त्याचे इंग्रजी भाषांतर साहेबाच्या टेबलावर होते आणि ते याच शब्दाने सुरू होत होते.

“सायबानं इचारलं, तुया मांगं कोन हाय?” ती म्हणाली. “म्या म्हनलं, मांगं कोनी नाई बाप्पा. नवरा होता, तो मेला.”

मी दौतीचे झाकण लावले.

“का लिवलं होतं, भाऊ, तुमी त्याच्यात?”

मी शब्द सांगितला. अर्थ सांगितला. हक्क म्हणजे काय तेही सांगू लागलो. ती मध्येच म्हणाली,

“मांगून तं मी राह्यली होती ना? मंग राग तुमचा काहून लिवला?”

“तुमचा हक्क होता बाई.”

“असंल. मले पानी पाजाचं काम पायजे होतं.”

एवढे बोलून ती गेली. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला वाद घालता आला असता.

शनिवारी जिनकडून रिकाम्या गाड्या गावांकडे परतत होत्या. त्यांतल्या एकीत मागे ती बसली होती, दोन घागरी आणि एक गठुडे घेऊन. मी कचेरीच्या खांबाआड झालो. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहिलो आणि शेजारच्या अर्जनवीसाने विचारले, “काहून रे, घेणेकरी आला काय?” तेव्हा टेबलाशी येऊन बसलो.

पुढचे आठ दिवस कसे गेले ते लिहिण्यासारखे नाही. माणसे येत, मी त्यांना म्हणे, मुन्शीजी आल्यावर या. पद्मतीर्थ तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसे. माझे वाक्य चूक नव्हते, असे मी स्वतःला रोज पटवी. ते आजही चूक नव्हते असेच मी म्हणेन. बाईला काम मिळायला हवे होते आणि ते नमून मिळायला नको होते. पण तो कागद तिचा होता. त्यावर अंगठा तिचा होता. डोक्यावरचे छप्पर तिचे होते. माझे त्यात काहीच नव्हते आणि तरी सर्वांत मोठा शब्द माझा होता. हे कोणाजवळ बोलावे? मामा तेव्हा तुरुंगात होते. वडिलांकडे जाण्याची वाट मीच बुजवली होती. खानावळीतला वाढपी भात वाढताना म्हणाला, “आज जेवन कमी कमी,” आणि तेवढ्या चौकशीनेही मी ताटावरून उठलो.

मुन्शीजी परत आले ते डोळ्यावर हिरवे फडके बांधून. त्यांना मी सारे सांगितले. मला वाटले रागावतील, टेबलावरून उठवतील. त्यांनी डोळ्यावरचे फडके नीट केले.

“तिच्यासाटी लिवला होता,” मग म्हणाले, “का तिच्या अंगठ्यानं सोतासाटी?”

मी मान खाली घातली. त्यांना ते दिसले नसावे.

“बोल ना.”

“स्वतःसाठी.”

“अच्छा. मंग आता कागद घे.”

“सांगा, काय लिहू?”

“मी काहून सांगू? या बखतीले मांगनारा तूच हायेस.”

मी लिहायला बसलो आणि लिहिता येईना. ‘डिमांड’ लिहायचा प्रश्नच नव्हता, मी कशाची मागणी करणार? ते काम मला नको होते, ती खोली माझी नव्हती. ‘रिक्वेस्ट’ लिहून पाहिले. ते खोटे वाटले. विनंती करणाऱ्याच्या पायाखाली थोडी तरी जमीन असते. नाही म्हटले तर तो उठून आपल्या वाटेने जाऊ शकतो. माझ्याजवळ हक्क नव्हता, बदल्यात द्यायला काही नव्हते, आणि चूक पूर्णपणे माझी होती. अशा माणसाचे क्रियापद एकच. दोन वर्षे मी ते रोज वीस वेळा लिहिले होते आणि एकदाही वापरले नव्हते. मुन्शीजी त्याला सलाम म्हणत होते, मी त्याला अपमान म्हणत होतो. त्या दुपारी ते दोन्ही नव्हते. मी माझ्या नावाने लिहिले की मी ‘बेग’ करतो. त्या बाईला वाचता येत नाही. मागच्या अर्जातला प्रत्येक शब्द माझा होता. शिक्षा द्यायची तर मला द्यावी, काम तिला द्यावे.

मुन्शीजींनी वाचून दाखवायला सांगितले. ऐकले आणि म्हणाले, “एक बी शब्द बदलू नको. आन् हा कागद पोस्टानं नाई. जाऊन हातात दे.”

शुक्रवारी मी गेलो. बडे बाबूंनी मला दारातच ओळखले. कोणी तरी दाखवून ठेवले असावे.

“या या, मागणीवाले! आज काय फर्मान काढलं?”

कारकून माना वर करून पाहू लागले. दोन वर्षांपूर्वीचा मी असतो तर तिथेच कागद फाडून निघालो असतो. मी म्हणालो, “साहेबांना भेटायचं आहे.”

“बसा की मग. तुमच्यासाठी गादी घालू काय?”

गादी नव्हती, बाकही नव्हते. मी सकाळपासून दुपारच्या भोंग्यापर्यंत भिंतीला टेकून उभा राहिलो. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते, ते पापण्यांवर बसत. पलीकडे यंत्रांवरच्या बाया पाण्यासाठी ओरडत होत्या आणि पाणी पाजणारी कोणी बदली बाई त्यांच्याशी भांडत होती.

साहेबाने कागद हातात घेतला. मी त्याच्या डोळ्यांकडे पाहत होतो. त्या शब्दाशी ते थांबतील अशी माझी खात्री होती. ते थांबले नाहीत. पहिल्या अडीच ओळींवरून नजर अशी सरकली की जणू तिथे कोरी जागाच होती. बोट थेट खालच्या परिच्छेदावर आले. ज्या शब्दासाठी मी इतका जळलो त्याच्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही.

“ओ औरत पढ़ना नहीं जानता?”

“नाही.”

“तुम लिखा?”

“मी.”

“क्यों?”

उत्तर मी इंग्रजीत तयार करून नेले होते. व्याकरणशुद्ध, तीन वाक्यांचे. ते आले नाही. “मेरी गलती,” एवढेच तोंडातून निघाले.

त्याने बाहेरच्या भांडणाचा आवाज ऐकला, कपाळाला आठी घातली आणि बडे बाबूंना काही सांगितले. बाहेर आल्यावर त्यांनी ते मला कळवले. सोमवारच्या सकाळच्या भोंग्याला ती बाई हजर असली तर काम तिचे, खोलीही तिची. नसली तर दुसरी बघतील. “आणि तुम्ही,” ते म्हणाले, “तुम्ही यापुढं फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. साहेबाचा हुकूम आहे. समजलं?”

समजले.

शनिवारी उजाडताच मी पायी निघालो. आठ कोसांची वाट. गाव विचारत विचारत पोचलो तेव्हा दुपार कलली होती. भावाचे घर गावाच्या कडेला होते. ती अंगणात शेण भरीत होती. मला पाहून पाटी खाली ठेवली नाही.

“कोन हाय वो?” ओसरीतून भावजयीने विचारले.

“वाशीमचा हाय.”

“तुले घिऊन जाले आला काय? आमचं काई म्हननं नाई बाई. आमी तं तुले धरून नाई ठेवलं.”

मी जिनचा निरोप सांगितला. सोमवार, भोंगा, खोली. तिने ऐकून घेतले.

“हे आता कोनं लिवलं?”

मुन्शीजींचे नाव घेणे सोपे होते. ती लगेच उठली असती.

“मी लिहिलं.”

“मंग मी नाई येत.”

“मुन्शीजींना दिसत नाही. मीच लिहिलं. पण तुमच्या नावानं नाही, माझ्या नावानं लिहिलं.”

“तुमाले कायले काम पायजे?”

“काम तुम्हाला. चूक माझी, एवढंच लिहिलं.”

“आन् वरतं? वरतं का लिवलं?”

“बेग केलं.”

“म्हंजे का?”

इतक्या दिवसांत मला तो शब्द कोणा अर्जदाराला मराठीत सांगावा लागला नव्हता. डिक्शनरीतले अर्थ मला पाठ होते, पण तिच्यासमोर त्यांतला एकही निघेना. मी म्हणालो, “म्हणजे पदर पसरला.”

भावजय ओसरीतून खिदळली. “ह्याले कुटं पदर हाय वो!”

ती हसली नाही. तिने पाटी खाली ठेवली, हात धुतले आणि आत गेली. बऱ्याच वेळाने दारात आली.

“उद्या दिस निंगाले निंगू. तुमी पुढं चाला, मी मांगून येतो.”

त्या रात्री मी चावडीवर निजलो. सकाळी वेशीबाहेर उभा राहिलो, तर डोक्यावर गठुडे आणि काखेत घागर घेऊन ती आली आणि माझ्यापासून हाकेच्या अंतरावर थांबली. दुसरी घागर मी घेऊ का विचारायला मी परत वळलो, पण ती तिने भावाकडेच ठेवली होती. मी चालू लागलो तेव्हा ती चालू लागली.

आठ कोस आम्ही तसे चाललो. मी थांबलो की ती थांबे. मी वेग कमी केला की तीही करी, अंतर तेवढेच राही. परक्या तरुणाच्या बरोबर वाटेने दिसणे तिला परवडणारे नव्हते, हे मला कळत होते. पण अंतर तेवढ्यासाठीच नव्हते, हेही कळत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना गाड्यांवरच्या कापसाचे पुंजके अडकले होते. तुरी फुलल्या होत्या. एकदा मी वळून मोठ्याने विचारले, “बाई, थकल्या काय?” उत्तर आले नाही. तेव्हापासून मी वळलो नाही. मागे पावले आहेत एवढ्यावरच चाललो.

दुपारी एका नाल्याशी मी आंब्याखाली बसलो. ती पार पलीकडे बाभळीच्या विरळ सावलीत बसली. मी बरोबर काही आणले नव्हते. थोड्या वेळाने मागून आलेल्या गाडीवानाने गाडी थांबवली आणि फडक्यात गुंडाळलेली अर्धी भाकर माझ्यापुढे केली. वर तेल-मीठ लावलेला ठेचा होता.

“त्या मांगच्या बाईनं देली.”

मी तिच्याकडे पाहिले. ती नाल्याच्या पाण्याकडे पाहत होती. मी भाकर खाल्ली.

दिवस मावळायच्या सुमारास जिनचे धुराडे दिसले. फाटकाशी पोचल्यावर मी बाजूला झालो. मागून ती आली आणि माझ्या अंगावरून पुढे गेली. चौकीदाराने तिला ओळखले.

“आली काय वो? बडे बाबू सांगून गेले. खोली उघडी हाय.” मग त्याने माझ्याकडे हनुवटी केली. “हा कोन?”

ती डोक्यावरचे गठुडे सावरत थांबली. मला वाटले ती वळून पाहील. काही तरी म्हणेल, चांगले किंवा वाईट.

“कागद लिवनारा हाय,” ती म्हणाली आणि आत गेली.

चौकीदाराने फाटक ओढून घेतले. भिंत फार उंच नव्हती. आवारातून चालताना तिच्या डोक्यावरचे गठुडे तेवढे काही वेळ भिंतीवरून दिसत होते. टिनाच्या खोल्यांकडे ते वळले आणि मग दिसेनासे झाले. मी आणखी थोडा वेळ तिथे उभा राहिलो. चौकीदाराने विचारले, “तुमाले अजून कोनाले भेटाचं हाय काय?” मी नाही म्हणालो आणि गावाकडे निघालो.